गोजराबाईची रिकामी पातेली

म्हसरूळच्या पुढं दिंडोरी रोडला लागलात की दोन्ही बाजूंना लॉन्सच लॉन्स. एकाची कमान दुसऱ्यापेक्षा उंच, एकाचं कारंजं दुसऱ्यापेक्षा रंगीत. लग्नसराईत त्या कमानीखालून लोक नटूनथटून आत जातात, जेवतात, ढेकर देतात आणि जातात. मागच्या बाजूला भिंतीला लागून एक खड्डा असतो, तिकडं कुणी फिरकत नाही. त्या खड्ड्यात मसालेभात असतो, पुऱ्या असतात, पाकासकट जिलेब्या असतात, आणि मे महिन्याच्या उन्हात त्याला असा काही वास सुटतो की डोकं उठावं. गोजराबाईची सगळी हयात त्या मागच्या बाजूला गेली. तेव्हा तिच्याबद्दल सांगायचं तर कमानीकडून कशाला, मागूनच सुरुवात करू.

ती मूळची सिन्नरकडची. लग्न होऊन पंचवटीत आली, नवरा चंदर टेम्पो चालवायचा, अजूनही चालवतो. अबोल माणूस. देवाने त्या घरातलं सगळं बोलणं एकीच्याच वाट्याला दिलं, त्याला बिचारा तो काय करणार! पोरं लहान असताना गोजराबाई लग्नाच्या घरी पोळ्या लाटायला जायला लागली. पहाटेपासून दुपारपर्यंत लाटायचं, आणि सगळ्या पंगती उठल्या की जे काही उरलं असेल ते त्या बायकांनी खायचं. "लाटायच्या गरम अन् खायच्या गार, आपल्या नशिबी हेच," असं बाकीच्या बायका हसत म्हणायच्या. गोजराबाईला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

उरायचं मात्र बख्खळ. एवढं उरायचं की न्यायचं कुठं हा प्रश्न पडायचा. तिच्या सासूने एकदा मोठ्या कौतुकाने पाटीभर भात म्हशीसाठी घरी नेला. अन्न वाया जाऊ नये, मुक्या जनावराच्या पोटी पडावं, एवढाच हेतू. दुसऱ्या दिवशी म्हैस फुगली आणि संध्याकाळी गेली. शिजलेला भात जनावराला इतका घालायचा नसतो, हे डॉक्टरने मग सांगितलं. सासू कितीतरी दिवस गोठ्यात जाऊन नुसती बसायची. तेव्हापासून कुणी "उरलं तर जनावराला घालू" असं म्हटलं की गोजराबाईचं टाळकं सरकतं. "जनावर म्हंजे काय तुमचं खरकट्याचं पिंप हाय का?" असं ती तोंडावर विचारते, समोर कोण उभं आहे ते न बघता.

लाटणाऱ्या बाईची आचारी कशी झाली, तेही ऐका. एका लग्नात मुख्य आचाऱ्याच्या साडूच्या पोराचं लग्न त्याच तिथीला निघालं आणि हा पठ्ठ्या यजमानाला न सांगता तिकडं जेवायला निघून गेला. काहिलीखाली जाळ पेटलेला, आणि झारा धरायला कुणी नाही. गोजराबाईने पदर खोचला आणि झारा उचलला. "बाईमाणूस काहिलीपुढं?" असं दोघातिघांनी म्हणून बघितलं. "मग या तुम्ही, धरा," असं म्हणून तिने झारा पुढं केला, तर एकही पुढं येईना. त्या दिवशी तिने केलेली वांग्याची भाजी लोकांनी मागून मागून खाल्ली. पुढच्या सराईत लोक आचाऱ्याला सोडून तिच्याकडं यायला लागले.

आता आपल्याकडं लग्नाच्या स्वयंपाकाची एक तऱ्हा आहे. आचारी शिध्याचा अंदाज सांगतो तेव्हा कमी पडू नये म्हणून मुळातच थोडं वाढवून सांगतो. मुलीचा बाप ते ऐकतो आणि मनात म्हणतो, हा आचारी हात आखडून सांगतोय, आणि वर आपलं थोडं चढवतो. मग मुलीचा काका किराणा आणायला जातो. तो कुणाला न सांगता आणखी एक पोतं टाकतो, कारण भावाची अब्रू ती आपली अब्रू. शेवटी मामा आपल्या मनाने जिलेबीचं एक वाढीव पिंप सांगून ठेवतो. प्रत्येकाने हातचं राखलेलं, आणि एकाने दुसऱ्याला सांगितलेलं नाही! मग एवढा शिधा आलाच आहे तर शिजवा सगळा, असं म्हणून पहाटेच सगळं काहिलीत पडतं. दुपारी खड्डा भरतो. सगळे शहाणे, सगळे मायेचे, आणि सगळे मिळून हा मूर्खपणा वर्षानुवर्षं करत आलेत.

गोजराबाईने हे मोडलं. शिधा पाहिजे तेवढा आणा, पोत्यांनी खोली भरा, तिचं काही म्हणणं नाही. पण शिजणार पंगतीपुरतंच. एक पंगत बसली की पुढच्या पंगतीचा भात चढायचा, त्याआधी नाही. वाटण तयार, कणीक झाकलेली, डाळ भिजलेली, भट्ट्या पेटलेल्या. पण पातेल्यात पडेल ते बसलेल्या माणसांकडं बघूनच. "कच्चं दुकानात परत जातं, शिजल्यालं परत जात नाय," हे ती प्रत्येक यजमानाला सांगायची. शिवाय तिने वाढायचे डाव बदलले. मोठे डाव घरी नेऊन ठेवले आणि लहान आणले. लागेल तितक्या वेळा मागा, वाढपी तुमच्यापुढून हलणार नाही, पण एकदम डोंगर रचायचा नाही.

आणि खरकट्याच्या पिंपाशी तिने शहनाजला बसवलं. शहनाज तिच्याबरोबर कितीतरी वर्षांची, भांड्यांचं सगळं तिच्याकडं. ताटं घासायला आली की पिंपात काय पडतंय ते तिने बघायचं आणि ओरडायचं. "मावशी, मठ्ठा जाम खारट झालाय, सगळे टाकून चाललेत!" असं तिकडून आलं की इकडं लगेच मठ्ठ्यात आणखी ताक ओतायचं. "मावशी, जीरा राइसला कुणी हातसुद्धा नाही लावला!" की दुसरा भात चढवायचाच नाही. लोक तोंडाने आचाऱ्याला वा वा म्हणतात, ताटात काय सोडतात ते शहनाजला कळतं. गोजराबाईचा जास्त भरवसा शहनाजवर.

आणखी एक. तिच्या बायका सगळ्यांच्या आधी जेवायच्या. पहिल्या पंगतीचं पातेलं उतरलं की आधी त्यांची ताटं. यावर किती यजमानांनी नाकं मुरडली! ज्यांना पटत नव्हतं त्यांना गोजराबाई दुसऱ्या आचाऱ्याचा पत्ता द्यायची.

योगेशच्या लॉन्सवर ती टिकली ती मात्र तिच्या हाताच्या चवीमुळं. योगेश तिशीतला, बापाने जमीन विकायची सोडून तिच्यावर लॉन्स काढलेलं. पोरगा वाईट नव्हता, पण कुणाच्याही पुढं त्याची मान पटकन डोलायची. त्याने दारात पाटी लावली होती, 'येथील उरलेले अन्न गरजूंना दिले जाते', आणि तिच्याखाली फोटो काढून घेणारे यजमान होते. गोजराबाई त्याला म्हणायची, "योगेशभाऊ, उन्हात दुपारभर पडलेली भाजी आंबल्यावर आश्रमाच्या लेकरान्ला पाठवायची अन् वर हार घालून फोटो काढायचा, याला पुण्य म्हणता व्हय? त्या लेकरान्ला द्यायचंय ना, मग सकाळी पहिल्या घाण्यातलं द्या. मी वेगळं रांधते." योगेश हसून विषय बदलायचा. पण भटारखाना तिच्याकडं होता, आणि तिच्यामागं पंधरा-वीस बायकांच्या चुली होत्या.

मग गोरक्षशेठ आले.

गोरक्षशेठ म्हणजे द्राक्षांचे मोठे व्यापारी. थोरली मुलगी दोन वर्षांपूर्वी दिलेली, आता मधली हर्षाली, तिच्यामागं धाकटी पूजा. भावकी एवढी मोठी की त्या एका घरातली लग्नं धरली तरी योगेशची निम्मी सराई भरावी. ठरवायला आले तेव्हा बरोबर दोन मेहुणे, एक चुलतभाऊ आणि बायको. वत्सलाबाई एका खुर्चीत कडेला बसल्या होत्या, हातात चहाचा कप. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

शेठनी भटारखान्यात उभं राहून फर्मान सोडलं. सगळे पदार्थ सकाळीच तयार पाहिजेत, मोठाल्या भांड्यांत मांडून ठेवलेले, शेवटचा पाहुणा जाईपर्यंत भरलेले दिसले पाहिजेत. आणि प्रत्येक पंगतीत घरची माणसं जिलेबीच्या पराती घेऊन आग्रह करतील.

"शेवटपर्यंत भरल्यालं म्हंजे शेवटी टाकायचंच की," गोजराबाई म्हणाली.

"टाकायला लागलं तर टाकू. आमच्याकडं कमी नाही." शेठ हसले, मेहुणे हसले. "भांड्याचा तळ दिसला ना गोजराबाई, तर समजा माझं नाक कापलं. गोरक्षच्या घरी कमी पडलं म्हणतील."

"तळ दिसला म्हंजे पुरलं. कमी पडणं येगळं. अन् परात घेऊन कुणाच्या तोंडात जिलेबी कोंबायची नाय. माणूस नको म्हणतो, तर नको."

"आग्रह नाही? लग्न आहे का दवाखाना?" एक मेहुणा म्हणाला.

योगेशला घाम फुटला. तो मध्ये पडून म्हणाला, "मावशी, शेठ म्हणतात तसं करू ना एवढ्या वेळी." आणि 'एवढ्या वेळी' हे शब्द गोजराबाईने आयुष्यात इतक्या वेळा ऐकले होते की तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"शेठ," ती म्हणाली, "तुमच्या मांडवातला एक जरी जीव उपाशी राह्यला ना, तर मी या भटारखान्यात पुन्हा पाऊल टाकणार नाय. झारा खाली ठेवीन. पण रांधणार माझ्या पद्धतीनं. पटत असंल तर बोला, नायतर दुसरा आचारी बघा."

तिथी तोंडावर आलेली, चांगले आचारी सगळे गुंतलेले, आणि शेठना तिची वांग्याची भाजी माहीत. शिवाय मेहुण्यांच्या देखत बाईपुढं माघार घ्यायची कशी? "बघतोच," शेठ म्हणाले. वत्सलाबाईंनी कप खाली ठेवला आणि गोजराबाईकडं एकदा नीट बघितलं. बस, तेवढंच.

बाहेर आल्यावर शहनाजने कपाळाला हात लावला. "मावशी, पागल झालीस का गं? आमच्या सगळ्यांच्या रोजीवर पैज लावलीस?"

"माझ्या हातावर लावली," गोजराबाई म्हणाली. पण त्या रात्री ती घरी धड जेवली नाही, हे चंदरला दिसलं.

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त दुपारचा. ऊन असं की मांडवाच्या कापडातून भाजावं. अक्षता पडल्या आणि पहिली पंगत बसली, वाढपी लहान डाव घेऊन धावायला लागले. "मागा, मिळेल! ताटात टाकू नका, मागा!" असं ओरडत फिरायची त्यांना ताकीद होती. लोकांना आधी मौज वाटली, मग बरं वाटलं. भात वाफाळलेला, पुरी फुगलेली, भाजी आत्ता उतरलेली. पहाटेपासून भांड्यात बसून गारठलेलं असं काही पानात येतच नव्हतं.

दुसऱ्या पंगतीला तो दवाखान्याचं बोललेला मेहुणा भटारखान्यात शिरला आणि जिलेबीची परात उचलून निघाला. गोजराबाई दारात आडवी उभी राहिली, हातात झारा.

"बाजूला व्हा."

"परात खाली ठेवा दादा. गरम झारा हाय, मला राग आला तर हात आवरत नाय."

मेहुण्याने परात ठेवली. बाहेर जाऊन त्याने काय सांगितलं देव जाणे, पण परत कुणी घरचं माणूस आत फिरकलं नाही.

मग मनमाडहून एक बस आली. मुलाकडचे रेल्वेतले लोक, कुणाच्या हिशोबात नसलेले. वाढपी घाबरून आत पळत आला. दुसऱ्या कुठल्या भटारखान्यात अशा वेळी वरणात पाण्याचा हंडा ओततात. गोजराबाईने कमानीकडं एक नजर टाकली आणि म्हणाली, "दोन पातेली भात चढवा. वांगी चिरायला घ्या. येऊ द्या, अजून एक बस आली तरी येऊ द्या!" पोती बांधलेली होती, ती सुटली. त्या बसमधले लोक हातपाय धुऊन बसेपर्यंत भात वाफेला लागला होता. ते पोटभर जेवले आणि जाताना दोघी म्हाताऱ्यांनी भटारखान्यात डोकावून हात जोडले.

शहनाज पिंपाशी बसून अधूनमधून ओरडत होती, आणि तिच्या आवाजातला आनंद लपत नव्हता. "मावशी, बघ तर, पिंपाचं बूडसुद्धा झाकलेलं नाही!"

शेवटची पंगत उठली. वाढपी जेवले, वाजंत्रीवाले जेवले, गाडीवाले, फुलवाले, सगळे जेवले. गोजराबाईने पातेली निपटून घेतली आणि भटारखान्याच्या दारात उन्हात ओळीने उपडी घातली. न सुटलेली पोती किराणावाल्याच्या गाडीत चढायला लागली. ती पायरीवर बसली. अंग मोडून आलं होतं, पण जीव कसा निवांत झाला होता. त्या भिंतीमागच्या खड्ड्यात आज काही पडणार नव्हतं. एवढ्या मोठ्या लग्नात हे पहिल्यांदा घडत होतं आणि ते तिने घडवलं होतं.

तिकडं पाठवणी चालली होती. रडण्याचे आवाज आले, गाडीचा हॉर्न आला, आणि थोड्या वेळाने शेठ आले. मागं मेहुणे, त्यांच्यामागं योगेश. शेठचे डोळे लेकीच्या पाठवणीने लाल होते, आणि आता ते उपड्या पातेल्यांकडं बघून आणखी लाल झाले.

"हे काय? हे काय मांडून ठेवलंय दारात? जाणारा प्रत्येक पाहुणा बघून गेला. गोरक्षच्या घरी भांडी पालथी! व्याह्यांनी बघितलं!"

"बघू द्या की," गोजराबाई उठून उभी राहिली. "सगळे जेवले, मनमाडची बससुद्धा जेवली. कुणाला कमी पडलं?"

"सगळं संपलं ना? मग कमीच पडलं!"

"पातेलं रिकामं हाय, माणूस नाय. एक माणूस दाखवा शेठ, या मांडवातला, जो उपाशी हाय. एकच दाखवा. आत्ता झारा खाली ठेवते."

मेहुणे एकमेकांकडं बघायला लागले. योगेशच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू येऊ घातलं होतं.

तेवढ्यात बाजूच्या दारातून वत्सलाबाई आत आल्या. पाठवणीत रडून रडून चेहरा सुजलेला, शालू चुरगळलेला. भांडण त्यांच्या कानावर गेलं नव्हतं. त्यांनी कुणाकडं बघितलंही नाही. आतल्या ओट्याकडं गेल्या, एक दोन झाकणं उचलून बघितली, आणि हळूच विचारलं, "गोजराबाई, थोडा भात उरलाय का गं? सकाळपासून पोटात काही नाही."

शहनाजने हातातलं ताट खाली ठेवलं.

कन्यादानाचा उपवास! मुलीचे आईबाप कन्यादान होईपर्यंत अन्नाला शिवत नाहीत, हे कुणाला माहीत नाही? शेठ अक्षता पडल्यावर व्याह्यांच्या मानाच्या पंगतीत बसून उपवास सोडून मोकळे झाले होते. वत्सलाबाई ओट्या भरत होत्या, आहेर देत होत्या, विहिणीचे रुसवे काढत होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि त्या कुणाच्या मोजणीत नव्हत्या. शेठच्या नाही, योगेशच्या नाही, आणि गोजराबाईच्याही नाही. गोजराबाईने बँडवाला मोजला, फुलवाला मोजला. नवरीची आई तिच्या डोक्यात आलीच नाही, कारण नवरीची आई शेवटी उरलेलं खाते, हे इतकं ठरलेलं असतं की तिच्यासाठी कुणी काही ठेवत नाही.

"बघा!" शेठ ओरडले. "आता बघा! हा घ्या उपाशी जीव, माझीच..." आणि वर केलेला हात त्यांनी खाली घेतला. आपण कशावर जिंकतोय हे त्यांना तेव्हा कळलं असावं.

गोजराबाईने झारा ओट्यावर ठेवला. "हरले मी," ती म्हणाली. "उद्यापासून या भटारखान्यात मी नाय. पण आधी या बाईला जेवू घालते, मग बोला काय बोलायचं ते."

"अगं राहू दे," वत्सलाबाई गोंधळून म्हणाल्या. "चार घास असते तरी भागलं असतं. मला सवय आहे."

"कसली सवय?" गोजराबाई एवढ्या जोरात ओरडली की वत्सलाबाई दचकल्या. "कसली सवय लावून घेतली बाई तुम्ही? बसा त्या पाटावर!"

भट्टी पुन्हा पेटली. कणीक मळली, बेसन कालवलं, कांदा चरचरला, शहनाजने भाताला आधण ठेवलं. शेठ जागचे हलले नाहीत. वत्सलाबाई पाटावर बसल्या आणि पोळी तव्यावर फुगताना बघत राहिल्या. पहिली पोळी ताटात पडली, पिठल्याची वाफ तोंडावर आली, आणि त्यांचा हात तसाच थांबला.

"थोरलीच्या लग्नात किती उरलं होतं," त्या म्हणाल्या. बोलत होत्या त्या ताटाशीच. "पाच पराती भात उरला होता. दिवे लागल्यावर मी त्यातला खाल्ला, गार. बाकीचा टाकला. एवढं शिजलं, पण माझ्यासाठी म्हणून काही शिजलं नव्हतं. हे आज पहिल्यांदा बघतेय."

"अगं, मग मला सांगायचं की," शेठ कसेबसे म्हणाले.

"तुम्ही विचारलं होतं?"

नवऱ्याला असं उलट विचारण्याची त्यांची ही पहिलीच वेळ असावी, कारण मेहुणे खाली बघायला लागले. वत्सलाबाई जेवल्या. घाई केली नाही. भात झाला, वरण झालं, तेही जेवल्या. तोवर ते चार पुरुष उभेच होते, आणि जा म्हणायला कुणी नव्हतं, बसा म्हणायलाही नव्हतं.

वत्सलाबाईंचे हात धुऊन झाल्यावर शेठ खाकरले. "जाऊ द्या गोजराबाई. ती पैज मी सोडली."

"तुम्ही सोडली असंल. मी नाय सोडली."

"मावशी, असं काय करतेस!" योगेश रडायच्या बेतात आला. "वत्सलाकाकू काय पाहुण्या थोड्याच आहेत? पैज पाहुण्यांची होती."

"पाहुण्यांची नव्हती भाऊ. एक जरी जीव उपाशी राह्यला तर, असं बोलले होते मी. ही बाई जीव नाय का?" तिचा आवाज फाटला. "तुम्हा सगळ्यांना शिकवत फिरले अन् माझ्याच डोळ्याला ही बाई दिसली नाय. मला माझी लाज वाटती. चला गं!"

बायकांनी आपापली लाटणी घेतली. चंदरने टेम्पो मागं लावला, पातेली चढवली. कमानीतून बाहेर पडताना त्याने विचारलं, "आता?" दिवसभरातला त्याचा तेवढाच एक शब्द. "आता दुसरीकडं," गोजराबाई म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

सोपं गेलं असं नाही. ती सराई अर्धीअधिक रिकामी गेली, बायकांनी बोलून घेतलं, शहनाज महिनाभर घुश्शात होती. योगेश दोनदा पंचवटीत घरी येऊन गेला. त्याने लहान डाव आणले होते आणि 'आग्रह करू नये' अशी नवीन पाटीही लावली होती. "पाट्या कशाला लावता," गोजराबाई म्हणाली, "लोकांच्या हातातली परात काढून घ्या. तेवढी छाती हाय का?" त्याला चहा पाजून तिने परत पाठवलं. दिलेला शब्द तिने मोडला नाही. हळूहळू दुसऱ्या हॉलवाल्यांनी बोलावलं. त्यांना तिची पद्धत पटली म्हणून म्हणा, खड्ड्याच्या वासाला कंटाळले म्हणून म्हणा, पण बोलावलं.

आणि परवाच्या सराईत वत्सलाबाई तिच्या दारात आल्या. एकट्या. धाकट्या पूजाचं लग्न ठरलं होतं. "हॉल तू सांगशील तो," त्या म्हणाल्या. "ह्यांना मी सांगितलंय, आचारी मी ठरवणार."

"माझी एक अट हाय," गोजराबाई म्हणाली, आणि ती काय ते तिने सांगितलं. वत्सलाबाई आधी नको नको म्हणाल्या. "लोक काय म्हणतील गं?" मग हो म्हणाल्या.

पूजाच्या लग्नात अक्षता पडल्या. फोटोवाले पुढं सरसावले, मुलाकडच्यांची मानाची पंगत रांगोळ्यांभोवती जमायला लागली. तेवढ्यात भटारखान्यातून गोजराबाई स्वतः निघाली, हातात वाढलेलं ताट, मागं शहनाज पाट घेऊन. भर मांडवात, मानाच्या पंगतीच्या तोंडाशी, तिने पाट मांडला आणि नवरीच्या आईला दंडाला धरून बसवलं. सगळीकडून कुजबुज उठली. वरपक्षाच्या आधी मुलीची आई जेवणार? विहीणबाईंनी भुवया चढवल्या. कुणीतरी शेठना हाक मारली, काहीतरी बोला म्हणून. शेठ उठले, दोन पावलं पुढं आले, आणि पाण्याचा तांब्या बायकोजवळ ठेवून मागं सरले.

"पुढची पंगत कधी?" विहीणबाईंनी चढ्या आवाजात विचारलं.

"ह्यांचं झालं की भात चढवते," गोजराबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "घाई असंल तर तुम्हीबी बसा शेजारी."

सगळा मांडव थांबला होता. वत्सलाबाईंनी मान वर करून कुणाकडं बघितलं नाही. त्यांनी वरणावर तूप ओतलं, भात कालवला आणि सावकाश जेवायला लागल्या.